गोटा उभा केला कोणी?

वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. नागपूरहून हैदराबादच्या वाटेला लागलं की जाम येतं, मग हिंगणघाट, मग वडनेर. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. महामार्गाच्या दोन्ही अंगांना काळी वावरं, त्यांत कापूस, तूर, सोयाबीन. आणि कुठल्या तरी धुऱ्यावर, शिवेवर, निंबाखाली एखादा गोटा. कधी शेंदूर फासलेला, कधी नुसताच. इकडे कोणालाही विचारा, "हा गोटा कोणी ठेवला जी?" उत्तर बहुधा एकच येतं, "आमच्या आज्याच्या आंधीपासून हाये."

आज्याच्या आधी म्हणजे किती आधी? विदर्भात या प्रश्नाचं उत्तर कधी कधी अडीच-तीन हजार वर्षं असं निघतं! माणसांनी मोठे दगड मुद्दाम निवडले, वाहून आणले, मांडले किंवा उभे केले आणि मग ती माणसं काळाआड गेली. दगड राहिले. त्यांतल्या काहींना आज कायद्याचं संरक्षण आहे, पुष्कळांना नाही. या दगडांच्या भन्नाट गोष्टी वडनेरच्या पारावर बसून सांगाव्यात अशा आहेत.

वडाचं नगर

आधी गावाच्या नावाचीच गंमत. 'नेर' म्हणजे नगर. अमळनेर, जामनेर, पारनेर यांच्या शेपटीला जे आहे तेच. म्हणजे वडनेर हे वडाचं नगर. नाव इतकं लोकप्रिय की बुलढाण्यात वडनेर भोलजी आहे, अमरावतीत वडनेर गंगाई, नाशिककडे वडनेर भैरव. चिठ्ठीवर जिल्हा लिहिला नाही तर पोस्टमन पुरता फिरून येईल.

एका शब्दाचा लांबचा प्रवास

उभ्या पाषाणाला जगभरचे अभ्यासक 'मेनहिर' म्हणतात. हा शब्द फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटन भाषेचा: 'मेन' म्हणजे दगड, 'हिर' म्हणजे लांब. लांब दगड, बस.

आता आपल्याकडे या. गावोगावच्या देवळाबाहेर वीरगळ असतो, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. यातला 'गळ' म्हणजे कानडी 'कल्लु', अर्थात दगड. बस्तरचे माडिया मृतांसाठी जो दगड उभा करतात त्याला 'उरसकल' म्हणतात. त्यातही तोच 'कल'. गोंडीतही दगडाला कलच म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा वीरगळ आणि इंद्रावतीकाठचा उरसकल यांच्या पोटात एकच द्राविडी शब्द बसलेला आहे. शेकडो किलोमीटरचं अंतर एका अक्षरानं बांधून टाकलं!

दगड पाहायला गेलेला माणूस परतलाच नाही

ही गोष्ट नागपूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी, कारण ज्याच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे त्याची ती आहे.

स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा मिशनरी. १८४०च्या दशकात नागपूरला आला आणि इथल्या मातीत रमला. धर्मप्रचार चालू होताच. पण हातात हातोडा, खिशात वही. खडक, जीवाश्म, गोंडी गाणी, जे सापडेल ते टिपायचा. गोंडांची लिंगोची कथा कागदावर आली ती त्याच्या टिपणांतून. कॅल्साइटच्या एका हिरव्या प्रकाराला 'हिस्लोपाइट' हे नाव मिळालं ते त्याच्यावरूनच.

सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचा कारभार पाहणारा रिचर्ड टेंपल आणि हिस्लॉप बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला गेले. तिथे दगडांची वर्तुळं होती. ती उकरून पाहायची होती. दिवस तिकडेच गेला. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी हिस्लॉप घोड्यावरून एकटाच परत निघाला. वाटेतल्या नाल्याला पूर आलेला. घोडा तेवढा मुक्कामावर पोचला, पाठीवर स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा हिस्लॉपचा मृतदेह सापडला. वय पुरतं शेहेचाळीसही नव्हतं.

त्याच्या टिपणांचं पुस्तक टेंपलनं १८६६ साली छापून आणलं. पुढे १८८३ साली कॉलेज उभं राहिलं. टाकळघाटकडचं पाणी वणा नदीत येतं, वणा हिंगणघाटवरून खाली उतरते आणि वर्धेला मिळते. वडनेरच्या माणसाला टाकळघाट परकं वाटायचं कारण नाही, एकाच पाण्याच्या वाटेवरची गावं ही.

कापसाचा साहेब, दगडांचा वेडा

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी थेट मँचेस्टरपर्यंत नावाजलेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. या भागातला कापूस नीट पिकावा, भेसळ होऊ नये म्हणून 'कॉटन कमिशनर' नेमला गेला. त्याचं नाव रिव्हेट-कार्नाक. गाठी मोजता मोजता हा माणूस दगड मोजायला लागला. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं त्यानं उकरली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला.

योगायोग बघा. फ्रान्समध्ये उभ्या दगडांचं जगातलं सगळ्यांत गाजलेलं ठिकाण आहे. हजारो पाषाण ओळीनं उभे. त्या गावाचं नाव कार्नाक! आपल्या साहेबाचं आडनावही कार्नाक. त्याच घराण्यातल्या मुंबईच्या गव्हर्नरावरून मुंबईत कर्नाक बंदर हे नाव पडलं होतं.

रिव्हेट-कार्नाकनं एक बारीक गोष्ट टिपली, तिचं मोल आजही कमी झालेलं नाही. वर्तुळातल्या काही दगडांवर छोटे गोल खळगे होते, हातानं केलेले, रांगेत मांडलेले. तसेच खळगे त्यानं स्कॉटलंड-इंग्लंडच्या दगडांबद्दल वाचले होते. त्यावरून त्यानं तर्क केला की मध्य आशियातल्या शक टोळ्यांनी ही चाल दोन्हीकडे नेली असावी. हा तर्क पुढे टिकला नाही. खळग्यांची नोंद मात्र टिकली.

वर्तुळात शिरू या

जुनापाणी काटोल रस्त्यावर, नागपूरच्या अगदी लगत. तिथे सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, कुठे आहेत? कारण ती डोक्यावर येणारी नाहीत, पायाशी असतात. मुरमाड माळ, पळसाची झुडपं, आणि मग एकदम डोळ्यांना सवय होते. काळे गोटे गोलात बसलेले दिसू लागतात. एक वर्तुळ, त्याच्या पलीकडे दुसरं, तिसरं. मधला भाग किंचित फुगलेला, खिचडीवर झाकण ठेवावं तसा.

एखाद्या खळगेवाल्या दगडापाशी वाकून बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात खळगा स्पष्ट दिसतो, दुपारी उन्हात बुजून जातो. काहींत अंगठ्याचं पेर बसतं. आतली बाजू घासून गुळगुळीत केलेली, कड मऊ झालेली. बेसॉल्टसारख्या कठीण दगडात असा एक खळगा करायचा तर दुसऱ्या दगडानं ठोकत आणि घोटत किती वेळ बसावं लागलं असेल! घाईत केलेलं हे काम नव्हे.

वर्तुळाची रचना साधारण अशी: बाहेर मोठ्या गोट्यांची कड, कधी एकेरी कधी दुहेरी, आत माती आणि दगडगोट्यांची भर. पुष्कळ ठिकाणी खालच्या थरात काळी चिकणमाती मुद्दाम आणून भरलेली. मुरमाच्या माळावर काळी माती आपोआप येत नाही, कोणीतरी ती वाहून आणलेली असते. त्या मातीत माणसाची थोडी हाडं. बहुतेक वेळा पुरा सांगाडा नाहीच. आधी कुठेतरी ठेवलेल्या देहाची उरलेली हाडं आणून इथे पुरली असावीत असं उत्खननकार सांगतात. काही वर्तुळांत तर हाडंच मिळत नाहीत.

आणि सोबत काय काय! लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, पळ्या. तांब्याची भांडी, काहींच्या झाकणावर पक्षी बसवलेले. अकीकाचे मणी. काळ्या-तांबड्या रंगाची मडकी: आतून काळी, वरच्या काठाला काळी, खाली तांबडी. आजही कुंभाराला एका भाजणीत हा दुरंगी खेळ साधायला कसब लागेल.

घोडा धन्यासोबत

सगळ्यांत चटका लावणारी वस्तू म्हणजे घोड्याचं कडियाळं. लगामाला जोडलेलं, घोड्याच्या तोंडात बसणारं लोखंड. विदर्भातल्या वर्तुळांत ते पुन्हा पुन्हा सापडतं. नागपूरजवळच्या माहुरझरीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तिथे घोड्याची हाडं निघाली आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिनेही. पोळ्याला आपण बैलाला झूल, बाशिंग, माळा घालतो ना? तसा नटवलेला घोडा डोळ्यांसमोर आणा. धनी गेला आणि त्याच्यासोबत नटवलेला घोडाही गेला. कडियाळं, दागिने, हाडं एकाच मातीत मिळतात तेव्हा घोड्यावर त्या लोकांचा किती जीव आणि किती भरवसा होता ते कळतं.

माहुरझरीची आणखी एक ओळख: इथे मणी घडवले जात. अकीक, गारगोटी, स्फटिक. पावसाळ्यानंतर त्या शिवारात मणी मिळायचे असं जुनी माणसं सांगत.

मेलेल्यांना दगड, जिवंतांना माती

हा मला सगळ्यांत विलक्षण वाटणारा मुद्दा. या लोकांनी एवढे दगड लोटले ते मृतांसाठी. स्वतः राहिले कुठे? कुडाच्या झोपड्यांत! रामटेकच्या बाजूला पेंच नदीकाठी नायकुंड आहे. तिथे १९७७ ते १९८०च्या सुमारास देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी खोदलं. घरांच्या जमिनी मिळाल्या, खांबांची भोकं मिळाली आणि ती गोलात होती. म्हणजे घर गोल, थडगंही गोल. जितेपणी जो आकार डोक्यावर, तोच मेल्यावर भोवती.

नायकुंडनं आणखी एक नवल दिलं: लोखंड गाळायची भट्टी. वाकलेल्या विटांची गोल भट्टी, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, आजूबाजूला लोहमळ. काळ साधारण इसवी सनापूर्वी सातवं शतक. म्हणजे बुद्धाचा जन्म होण्याच्या सुमारास किंवा त्याच्याही आधी, पेंचकाठी कोळसा फुलत होता आणि भाता श्वास घेत होता. या भागातल्या लोखंडी अवजारांची तपासणी धातुशास्त्रज्ञांनी केली तेव्हा दिसलं की अंग साधं लोखंडी आणि धार तेवढी पोलादाची, अशी करामत त्या लोहारांना साधत होती. आजचा गावचा लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तेव्हा तो याच घराण्याचा वारस असतो.

वर्धा जिल्हाही यात मागे नाही. आर्वी तालुक्यातल्या खैरवाड्यालाही अशी शिलावर्तुळं आहेत आणि तिथे उत्खनन झालेलं आहे. नागपूरचंच नाव नेहमी पुढे येतं म्हणून हे ठासून सांगायला हवं.

गोलच का? उभा का नाही?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलं की चित्र बदलतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं हिरापूर, गडचिरोलीतलं चामोर्शी इथे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेले शिलाकोष्ठ आहेत, दगडी खोल्याच जणू. वर्धा-नागपूरकडे मात्र गोटे आणि वर्तुळं.

बरंचसं उत्तर जमिनीत आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर बसलेला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड. हा दगड झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे गोल गोटा उरतो. उंच सरळ शिळा सहज मिळत नाही, गोटे मात्र हवे तेवढे. पूर्वेला वालुकाश्म आणि जुने स्फटिकी खडक लागतात, त्यांच्या फळ्या निघतात. हाताशी जे होतं त्यातून माणसानं आपल्या माणसाची खूण केली.

आता वजन. बेसॉल्टचा एक घनमीटर म्हणजे जवळजवळ २.९ टन. समजा गोटा एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर जाड. भरला ७ क्विंटलच्या वर. वडनेरच्या शेतकऱ्याला सांगायचं तर सात क्विंटल कापूस, पण गाडीत न मावणारा, हाताला न धरवणारा, एकाच गठ्ठ्यात. असे तीस गोटे म्हणजे दोनशे क्विंटलच्या वर. एका माणसासाठी. यामागे गाव लागतं, बैल लागतात, दोर लागतात, आणि सगळ्यांना जेवू घालणारं कोणीतरी लागतं.

मग हे दगड होते तरी कशासाठी?

शिलावर्तुळांचं मुख्य काम थडग्याचं, यात आता वाद नाही. उभ्या दगडाबद्दल मात्र एकाहून एक शक्यता सांगितल्या जातात. त्यांतल्या काही पारखून पाहू.

पहिली आठवणीची. हिला जिवंत पुरावा आहे. गडचिरोली-बस्तरच्या माडियांमध्ये मृतांसाठी दगड उभा करण्याची चाल विसाव्या शतकातही चालू होती आणि काही ठिकाणी अजून आहे. १९३८ साली ग्रिगसन या अधिकाऱ्यानं बस्तरच्या माडियांवर ग्रंथ लिहिला, त्यात या उरसकलांची सविस्तर नोंद आहे. दगड निवडून आणायचा, सगळ्या भाऊबंदांनी मिळून उभा करायचा, जेवण घालायचं. पुरातत्त्व जे मातीतून ओढून काढतं ते इथे डोळ्यांसमोर घडतं. म्हणून मला या शक्यतेचं वजन सगळ्यांत जास्त वाटतं.

दुसरी आकाशाची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीची मोजणी केली. खळगे असलेले दगड वर्तुळात कुठेही टाकलेले नाहीत, काही ठरावीक दिशांना जास्त दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून सूर्य-ताऱ्यांशी नातं असावं असा अंदाज. तेलंगणात कृष्णाकाठी मुदुमाल म्हणून गाव आहे, तिथे चौदा फुटांपर्यंतचे उभे पाषाण आहेत आणि त्यांच्या रांगांचा मेळ सूर्याच्या उगवती-मावळतीशी घातला जातो. एका दगडावरचे खळगे सप्तर्षींचे आहेत असं हैदराबाद विद्यापीठाचे के. पी. राव सांगतात. गावकरी त्या दगडांना तिम्मप्पा म्हणून पुजतात. २०२५ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत मुदुमालचं नाव गेलं.

दगडावरून सूर्याची चाल टिपणं अवघड आहे का? मुळीच नाही. वडनेरच्या आसपास उभं राहिलं तर डिसेंबरच्या टोकापासून जूनच्या टोकापर्यंत सूर्योदयाची जागा क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. एक उभा दगड आणि बसायची एक ठरलेली जागा, एवढ्यावर वर्षाचं पंचांग तयार. पेरणी कधी आली ते कळायला कागद लागत नाही.

तिसरी शिवेची आणि वाटेची. ही शक्यता पटायला वडनेरहून हिंगणघाटपर्यंत जाणं पुरे. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. हिंदुस्थान इंच-इंच मोजणाऱ्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक. हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. एव्हरेस्ट शिखराला ज्याचं नाव दिलं तो जॉर्ज एव्हरेस्ट याच लॅम्बटनचा मदतनीस आणि वारसदार. त्यांच्या मोजणीनं देशभर खुणेचे दगड रोवले गेले. नागपूरचा झिरो माईलचा स्तंभ त्याच सर्वेक्षणाच्या घराण्यातला, १९०७चा. म्हणजे दगड उभा करून 'इथून मोजा' म्हणण्याची गरज माणसाला लोहयुगात असावी तशीच विसाव्या शतकातही होती. हिंगणघाटच्या प्रत्येक शाळेची सहल लॅम्बटनच्या कबरीपाशी एकदा तरी जायला हवी असं मला फार वाटतं.

चौथी गुरांची. जुन्या काळी या भागातले लोक शिलावर्तुळांना गवळ्यांचे तळ म्हणत, गोल करून गुरं बांधायची जागा. उत्खननानं ते खोडून काढलं. पण ही आठवण पुरती फोल नाही. घोडे आणि गुरं बाळगणारे, चराईच्या माळावर वावरणारे लोक हे. त्यांची धूसर सावली गवळ्यांच्या गोष्टीत उरली असेल. इंग्लंड-वेल्समधल्या शेतांत आजही उभ्या पाषाणाला गाई अंग घासतात. आपल्याकडेही धुऱ्यावरच्या गोट्याला म्हैस पाठ घासताना कोणी पाहिली नाही?

गिरडचे गोटे: मालाचे दगड झाले

वडनेरपासून फार लांब नाही, समुद्रपूर तालुक्यात गिरड. टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा. सगळ्या धर्मांची माणसं तिथे जातात. टेकडीवर गोल गोल खडे विखुरलेले. कथा अशी की व्यापाऱ्यांनी फकिराची टर उडवली आणि त्यांच्या नारळ-सुपारीचा माल दगड होऊन गेला! भूशास्त्र सांगतं, लाव्ह्याच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं साचून असे खडे बनतात. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येही ही दंतकथा नोंदलेली आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात, एकीशिवाय दुसरी अपुरी.

झटपट तीन

विदर्भातली शिलावर्तुळं मांडली जात होती तेव्हा इंग्लंडच्या स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहून दीड हजार वर्षं होऊन गेली होती.

या लोकांचा एकही शब्द लिहिलेला सापडलेला नाही. त्यांनी मडक्यांवर खुणा ओरखडल्या, पण कोणाचं नाव काय, देव कोणता, भाषा कोणती, काही हाती नाही.

जमिनीत पुरलेला, शंभर वर्षांहून जुना ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. १८७८च्या त्या कायद्यात किमान किंमत लिहिली आहे दहा रुपये. आजच्या भावात कोणताही जुना मणी त्याच्या वर जाईल.

संरक्षण म्हणजे नेमकं काय?

जुनापाणीसारखी ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत. १९५८चा कायदा आणि २०१०ची त्यातली दुरुस्ती यांप्रमाणे संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण यादीत नाव नसलेल्या वर्तुळांचं काय? ती बहुधा मुरमाच्या पडीक माळावर असतात, पिकाऊ काळ्या जमिनीवर नाही. आणि मुरमालाच तर आज मागणी आहे. रस्त्याला मुरूम हवा, ले-आउटला माळ हवा, पांदणीला भर हवी. जेसीबीचा एक फावडा आणि अडीच हजार वर्षांचं नातं टिप्परमध्ये. गोटे धुऱ्याला जातात, काळी माती पसरते, मडक्याचे तुकडे चाकाखाली. कोणी वाईट हेतूनं करतं असं नाही, ओळखूच येत नाही म्हणून होतं. म्हणून ओळख सांगतो.

माळरान, जवळ नाला किंवा ओढा. मोठे गोटे गोलात, काही मातीत अर्धे रुतलेले. मधला भाग थोडा उंच, त्यात बारीक दगडांची भर. आणि एक दिसलं की आजूबाजूला आणखी दिसतात, कारण ही थडगी सहसा एकटी नसतात. पावसानंतर काळ्या-तांबड्या खापऱ्या वर आल्या असतील तर उचलू नका. खापरी कुठे पडली होती त्यावरच तिची किंमत ठरते; घरी नेलेली खापरी निव्वळ खापरी होते. फोटो काढा, गट नंबर लिहा, तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

आणि शेंदूर लावलेला गोटा असेल तर? तो बहुतेक वेळा आपोआप वाचतो. मातामाय म्हणून, मुंज्या म्हणून, वाघोबा म्हणून कोणीतरी दर वर्षी नारळ फोडतं, त्याच्याभोवतीची दोन हात जागा कोणी नांगरत नाही. शंभर मीटरचा नियम गावानं दोन हातांवर आणला आहे, पण तो पाळला मात्र कसोशीनं जातो.

सावली नाही असा दगड

शेवटी एक प्रयोग, घरच्या घरी. वडनेर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य वर्षात दोनदा अगदी डोक्यावर येतो. एकदा २२-२३ मेच्या आसपास, दुसऱ्यांदा २० जुलैच्या सुमारास. जुलैत ढग असतात, तेव्हा मे धरा. त्या दिवशी भर दुपारी, बाराच्या थोडं पुढे, अंगणात एखादा सरळ गोटा उभा करा. पोरांना भोवती बसवा. सावली आखडत आखडत येईल, दगडाच्या बुडाशी शिरेल आणि काही क्षण नाहीशी होईल. त्यानंतर जवळजवळ दोन महिने दुपारची सावली दक्षिणेला पडेल, एरवी ती उत्तरेला असते.

त्या दुपारी वावरं नांगरून पडलेली असतात. आई पोरांना सावलीत ये म्हणून हाका मारते आणि पोरं दगडाजवळून हलत नाहीत.